१५३०, ३.९४ आणि दहा नावांची यादी: चान्स किती, हे नेमकं कसं बघायचं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा:

"आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीत आहे. जीपीए (४ पैकी सरासरी गुण) अनवेटेड, म्हणजे कठीण विषयांना जादा गुण न धरता, ३.९४, एसएटी (१६०० गुणांची प्रवेशपरीक्षा) १५३०, बारावीअखेर नऊ एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) होतील. रोबोटिक्स क्लबची उपाध्यक्ष, एका नामवंत विद्यापीठाच्या आवारात उन्हाळ्यात दोन आठवड्यांचा प्रोग्रॅम, मैत्रिणींबरोबर काढलेली एक नॉन-प्रॉफिट. स्वयंसेवेचे ३०० तास आहेत, पण ते बहुतेक लायब्ररीत म्हाताऱ्या माणसांचे फोन नीट करून देण्यात गेले, त्याचा फारसा उपयोग नसावा. कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. यादी: एमआयटी, स्टॅनफर्ड, हार्वर्ड, प्रिन्स्टन, ड्यूक, कॉर्नेल, कार्नेगी मेलन, बर्कली, जॉर्जिया टेक, अर्बाना-शँपेन (इलिनॉय विद्यापीठ). प्रत्येक ठिकाणी किती टक्के चान्स आहे ते सांगाल का? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही."

वाईट वाटणार नाही असं जे लिहितात त्यांनाच जास्त वाटतं, हा माझा सोळा वर्षांचा अनुभव. तरी आकडे देते, शेवटाकडे देते. आधी ते कुठून येतात ते बघा, नाहीतर माझ्या आकड्यांत आणि एखाद्या वेबसाइटवर बटण दाबून निघणाऱ्या "२७ टक्के"मध्ये फरक काय राहिला? या कामाची सुरुवात मी एका खासगी विद्यापीठात हंगामी रीडर, म्हणजे प्रवेशाचे अर्ज वाचणारी, म्हणून केली. नोव्हेंबर ते मार्च, रोज तीसेक अर्ज. त्या तीन हंगामांनी जे शिकवलं ते पुढे पालकांच्या बाजूने टेबलावर बसून कधी शिकायला मिळालं नसतं.

सुरुवात जाहीर आकड्यांपासून. २०२४ मध्ये हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ३.६ टक्के. त्याच वर्षी एमआयटीत २८,२३२ मधून १,२७५, साडेचार टक्के. स्टॅनफर्डने तर २०१८ पासून निकालाच्या वेळी हा दर जाहीर करणंच थांबवलं. पालक हे आकडे बघतात आणि दोन्ही दिशांनी चुकतात. कोणी म्हणतं, "आमची मुलगी सरासरीपेक्षा कितीतरी वर आहे, म्हणजे तिचा दर तिप्पट धरा." कोणी म्हणतं, "साडेतीन टक्के म्हणजे लॉटरी, तिकीट काढून तरी बघू." दोघांचं गणित एकाच जागी फसतं. जाहीर दर हा सगळ्या अर्जदारांचा मिळून असतो, आणि ते सगळे एकाच रांगेत उभे नसतात.

याचा पुरावा आपल्याला कोर्टामुळे मिळाला. प्रवेश देताना वंश बघण्यावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात, ज्याचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल २९ जून २०२३ ला लागला, विद्यापीठाला आतली आकडेवारी उघड करावी लागली. खेळासाठी निवडलेले विद्यार्थी, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतली नावं आणि प्राध्यापकांची मुलं, हे चार गट अर्जदारांत पाच टक्क्यांहून कमी, पण प्रवेश मिळालेल्यांत जवळजवळ तीस टक्के. आता एक काल्पनिक विद्यापीठ घ्या: ४०,००० अर्ज, २,००० प्रवेश, जाहीर दर पाच टक्के. त्यातले २,००० अर्जदार या खास गटांतले आणि ६०० जागा त्यांना गेल्या असं धरा. उरलेल्या ३८,००० मुलांसाठी १,४०० जागा. दर आला ३.७. तुमची मुलगी या रांगेत आहे. प्रत्येक विद्यापीठात हे प्रमाण वेगळं असतं, आणि एमआयटी व कॅलटेक माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देतच नाहीत. पण जाहीर दर हा बहुतेक ठिकाणी तुमच्यासाठी थोडा फुगलेला असतो, एवढं धरून चाला.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत आणि ती विचारावीच लागेल. मुलगी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे की एच-४ वर (एच-१बीवर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा)? एच-४ असेल तर अमेरिकेत बालवाडीपासून शिकलेली मुलगीसुद्धा अनेक विद्यापीठांत परदेशी अर्जदार म्हणून मोजली जाते. एमआयटीत परदेशी अर्जदारांचा दर एकूण दराच्या निम्म्याहूनही कमी असतो. शिवाय आर्थिक मदत हवी असेल तर हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी मुलांच्या बाबतीतही प्रवेश ठरवताना पैशाची गरज बघत नाहीत. स्टॅनफर्ड, ड्यूक, कॉर्नेल बघतात. दरवर्षी माझ्याकडे निदान दोन-तीन कुटुंबं अशी येतात ज्यांना हे बारावीच्या ऑक्टोबरमध्ये कळतं. पुढचं सगळं ती नागरिक किंवा ग्रीन कार्डवर आहे असं धरून लिहिते.

आता गुण. ३.९४ आणि १५३० म्हणजे उत्तम, यात वाद नाही. पण दरवर्षी वीस लाखांच्या आसपास मुलं एसएटी देतात. पहिला एक टक्का म्हणजे वीस हजार मुलं झाली, आणि त्यांतली बरीचशी तुमच्याच यादीतली नावं लिहितात. त्याच खटल्यातला आणखी एक तपशील: हार्वर्डच्या एका वर्षाच्या अर्जदारांत गणितात पैकीच्या पैकी मिळवलेले सुमारे ३,४०० होते, आणि ज्यांचा जीपीए परिपूर्ण होता असे ८,००० हून जास्त. जागा दोन हजारांच्या आत. गुणांनी फाइल उघडली जाते. उघडल्यावर तिचं काय होणार ते गुण ठरवत नाहीत.

१५३० हा आकडा मात्र फोडून सांगा. गणितात ७९० आणि वाचनात ७४० असेल तर एक गोष्ट, ७५० आणि ७८० असेल तर दुसरी. एमआयटीत प्रवेश मिळालेल्यांच्या गणिताच्या गुणांची मधली पट्टी, म्हणजे मधल्या निम्म्या मुलांचे गुण, ७८० ते ८०० असते. म्हणजे ७५० घेऊन कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणारी मुलगी तिथे खालच्या पाव भागात बसते. त्यामुळे दार बंद होत नाही. पण मग फाइलमध्ये गणिताचा दुसरा कसला तरी भक्कम पुरावा लागतो. आणि बर्कलीला तर तुमचा १५३० दिसणारच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कुठल्याच कॅम्पसमध्ये प्रवेश ठरवताना एसएटी बघत नाहीत. जीपीएसुद्धा ते स्वतः काढतात, नववीचे गुण त्यात धरत नाहीत, आणि राज्याबाहेरच्या मुलांना एपी किंवा आयबीचाच जादा गुण देतात, शाळेच्या ऑनर्स वर्गांचा नाही. तुमच्या शाळेच्या वेटेड जीपीएवर भिस्त ठेवून बर्कलीचा अंदाज बांधला असेल तर तो पुसून टाका.

गुणांचं वजन खरं तर शाळेकडे बघून ठरतं. हे पालकांना सांगून पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. रीडरच्या हातात अर्ज पडतो तेव्हा ट्रान्सक्रिप्टबरोबर (सगळ्या वर्षांची गुणपत्रिका) शाळेची माहितीपत्रिकाही असते, ज्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. एक-दोन पानं. शाळेत किती एपी शिकवतात, वर्गातल्या गुणांची विभागणी कशी आहे, सरासरी एसएटी किती, चार वर्षांच्या कॉलेजात किती टक्के मुलं जातात. मी अर्ज वाचायचे तेव्हा पहिल्या मिनिटात तेच पान बघायचे. नऊ एपी ऐकायला भारी वाटतं. शाळेत सव्वीस एपी असतील आणि वर्गातल्या चाळीस जणांनी अकरा-बारा घेतले असतील, तर काउन्सेलरच्या फॉर्मवर "सर्वांत कठीण अभ्यासक्रम" या चौकटीत खूण पडेलच असं नाही. उलट जिथे सहाच एपी आहेत त्या शाळेतून सहाही घेतलेली मुलगी वर दिसते. ३.९४ चंही तसंच. वर्गात पहिल्या पाचात की पहिल्या साठात? शाळा क्रमांक देत नसली तरी प्रोफाइलवरून रीडरला अंदाज येतो.

म्हणून कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा मोलाची गोष्ट तुमच्या शाळेच्या काउन्सेलरकडे आहे: गेल्या चार-पाच वर्षांत याच शाळेतून कोण कुठे लागलं याचा तक्ता. नॅव्हियान्स किंवा स्कॉयर ही प्रवेशाच्या कामाची सॉफ्टवेअर वापरणाऱ्या शाळांत तो ठिपक्यांच्या आलेखात दिसतो. एका अक्षावर जीपीए, दुसऱ्यावर एसएटी, हिरवा ठिपका प्रवेश, लाल ठिपका नकार. हा आलेख वाचायचीही एक पद्धत आहे. समजा प्रिन्स्टनच्या आलेखात अठरा ठिपके आहेत आणि दोन हिरवे. एक वर उजव्या कोपऱ्यात, दुसरा चक्क मध्येच, ३.७ आणि १४२० वर. तो मधला ठिपका बघून पालकांचे डोळे चमकतात: "बघा, आमचं याच्यापेक्षा चांगलं आहे!" तो ठिपका बहुधा रोइंग नाहीतर लॅक्रॉस खेळत होता. आलेखावर खेळ दिसत नाही, आजोबा दिसत नाहीत. माझा नियम असा की सर्वांत खालचे एक-दोन हिरवे ठिपके झाकायचे आणि मग बघायचं. आणि सगळेच ठिपके मिळून आठ-दहा असतील तर त्यावरून काहीच ठरवायचं नाही.

विद्यापीठांच्या बाजूचा सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे कॉमन डेटा सेट, विद्यापीठाने ठरलेल्या नमुन्यात भरलेली आपली आकडेवारी. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द टाकले की बहुतेकांचा सापडतो. त्यातला 'सी' विभाग वाचा. सी-७ मध्ये कशाला किती महत्त्व देतात याच्या खुणा असतात. तिथे "अर्जदाराने दाखवलेली आवड" या ओळीत खूण असेल तर त्या विद्यापीठाची माहितीसत्रं चुकवणं परवडत नाही. सी-९ मध्ये गुणांच्या पट्ट्या. आणि सी-२ मध्ये वेटलिस्टचं खरं रूप: किती जणांना ठेवलं, किती जण थांबले, किती जणांना बोलावलं. एप्रिलमध्ये वेटलिस्टवर आशा लावून बसायच्या आधी हा आकडा एकदा बघून ठेवावा, फार कमी वेळात डोकं थंड होतं.

तर फाइल उघडली, गुण ठीक आहेत. पुढे काय?

काही विद्यापीठांत एक रीडर आधी वाचतो, दुसरा नंतर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने सुरू केलेल्या आणि पुढे अनेकांनी उचललेल्या पद्धतीत दोघं जण एकाच वेळी एक अर्ज वाटून वाचतात: एक ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्रं, दुसरा निबंध आणि उपक्रम. दहा मिनिटांच्या आत चर्चा होऊन अर्ज पुढे सरकतो. मी होते तिथे समितीपुढे अर्ज मांडताना मला साधारण दोन वाक्यं मिळायची. पहिलं वाक्य गुणांचं आणि शाळेचं. दुसरं वाक्य त्या मुलाचं. जिथे दुसरं वाक्य सुचायचं नाही, तिथे मी "उत्तम विद्यार्थी, सर्व बाबतीत चांगला" असं म्हणायचे आणि मलाच माहीत असायचं की हा अर्ज इथे संपला. माझ्या दृष्टीने चान्स जोखणं म्हणजे एवढंच: अनोळखी माणसाला ही फाइल दिली तर तो दुसरं वाक्य काय म्हणेल?

तुम्ही पाठवलेल्या यादीवर हा प्रयोग करून बघितला. रोबोटिक्स क्लबची उपाध्यक्ष: न्यू जर्सीत अशा किती मुली आणि मुलं असतील? उन्हाळी प्रोग्रॅम: पैसे भरून मिळणारा दोन आठवड्यांचा प्रोग्रॅम म्हणजे कुटुंबाला तो परवडला, एवढंच रीडरला कळतं. विद्यापीठाच्या आवारात भरला म्हणून त्या विद्यापीठात प्रवेशाला मदत होते हा गैरसमज आहे. ज्या मोजक्या प्रोग्रॅमना खरं वजन आहे ते निवडीने असतात, आणि एमआयटीत भरणाऱ्या आरएसआयसारख्यांना फी नसते. मैत्रिणींबरोबरची नॉन-प्रॉफिट: माफ करा, पण रीडर लोकांचा हा सगळ्यात थकलेला विषय आहे. अकरावीत निघालेली, लोगो आणि वेबसाइट असलेली आणि बारावीच्या जानेवारीत बंद पडणारी संस्था ओळखायला दहा सेकंदही लागत नाहीत. मुलींनी मनापासून काही केलं असेल तर काम लिहा, 'संस्थापक' हा शब्द नका लिहू.

आणि मग तुम्ही ज्याचा उपयोग नाही म्हणालात ते. लायब्ररीत म्हाताऱ्या माणसांचे फोन नीट करून देण्यात गेलेले ३०० तास.

तुमच्या पूर्ण प्रश्नात मी फक्त त्या वाक्यापाशी थांबले. तीनशे तास म्हणजे दोन-अडीच वर्षांचे शनिवार झाले. कॉम्प्युटर सायन्स करू म्हणणारी मुलगी दर आठवड्याला अशा माणसांसमोर बसते ज्यांना ते सगळं यंत्र शत्रू वाटतं. तिने तिथे काय पाहिलं? कुठलं बटण सगळ्यांनाच सापडत नाही? कोण चिडतं, कोण दर आठवड्याला तोच प्रश्न घेऊन येतं, आणि ते खरंच फोनसाठी येतं का? कॉमन अॅपमध्ये (अनेक विद्यापीठांना चालणारा एकच अर्ज) एका उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. तिने आत्ता लिहायला घेतलं तर बहुतेक असं लिहील:

"स्थानिक लायब्ररीत स्वयंसेवा. ज्येष्ठ नागरिकांना तंत्रज्ञानविषयक साहाय्य. नेतृत्व व संवादकौशल्य विकसित. एकूण ३०० तास."

यात एकही शब्द खोटा नाही आणि एकही शब्द तिचा नाही. याच्या शेजारी हे ठेवून बघा:

"दर शनिवारी आजी-आजोबांचे फोन. तेच ११ प्रश्न परत येत. मोठ्या अक्षरांचं एक पानी कार्ड केलं. आता लायब्ररी ते काउंटरवर ठेवते."

दुसरं मी कल्पनेने रचलं आहे, ते उचलू नका. कार्ड केलंच नसेल तर लिहू नका, आणि आता घाईघाईने करायलाही लावू नका. पण तिला एक दिवस शांतपणे विचारा की तिथे काय काय घडलं. मी पैजेवर सांगते, त्या ११ प्रश्नांसारखं काहीतरी निघेल. तिथून निबंध निघेल, आणि कॉम्प्युटर सायन्स का, या प्रश्नाचं असं उत्तर निघेल जे तिच्या वर्गातला दुसरा कोणी देऊ शकणार नाही. मग रीडरचं दुसरं वाक्य होतं: "ही ती लायब्ररीतल्या फोनवाली." एवढं पुरतं का? नेहमी नाही. पण यावर समितीत बोलता येतं.

हे सांगतानाच दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉम्प्युटर सायन्सच्या रांगेत अशी मुलं असतात ज्यांच्याकडे बाहेरच्या मोजपट्टीने मोजलेलं काही असतं: यूएसएको या प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेत गोल्ड किंवा प्लॅटिनमपर्यंत पोचलेली, गणितात एआयएमई या वरच्या फेरीच्या परीक्षेसाठी पात्र ठरलेली, हजारो लोक वापरतात असं काही लिहिलेली. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. सगळ्यांनाच ते लागतं असं नाही, पण एमआयटी आणि कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये त्याची उणीव जाणवते. एमआयटीचा अर्ज तर वेगळाच आहे. तिथे कॉमन अॅपसारखे दहा नाही, चारच उपक्रम लिहायचे असतात. माझं ऐकाल तर त्या चारांत नॉन-प्रॉफिटला जागा नाही.

विषय आणि राज्य, या दोन गोष्टी तुमच्या यादीत सगळ्यात जास्त फसवतात. अर्बाना-शँपेनचा एकूण प्रवेशदर चाळीसच्या आसपास दिसतो, म्हणून लोक ते नाव "सोपं" म्हणून टाकतात. पण कॉम्प्युटर सायन्सचा दर एक आकडी आहे. आत गेल्यावर विषय बदलून तिथे शिरणं अवघड, त्यामुळे "आधी कुठल्याही विषयाला घुसू, मग बदलू" ही युक्ती चालत नाही. तिथे कॉम्प्युटर सायन्स दुसऱ्या विषयाशी जोडणारे अभ्यासक्रम आहेत, भाषाशास्त्राबरोबर, खगोलशास्त्राबरोबर, अगदी पीकशास्त्राबरोबरसुद्धा. मुलीला खरंच अशा कशात रस असेल तरच बघा. खोटा रस निबंधात लगेच उघडा पडतो. बर्कलीनेही २०२३ पासून तेच केलं: कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश, नंतर विषय बदलून येण्याची वाट अगदी अरुंद. जॉर्जिया टेकमध्ये राज्यातल्या साधारण तीन मुलांमागे एकाला प्रवेश मिळतो, बाहेरच्या दहांमागे एकाला. तुम्ही बाहेरचे.

कोणीतरी विचारेलच म्हणून: प्रवेश देताना वंश बघणं थांबवणाऱ्या २०२३ च्या त्या निकालानंतर भारतीय वंशाच्या मुलांना सोपं झालं का? पुढच्याच वर्षी एमआयटीत आशियाई-अमेरिकन विद्यार्थ्यांचं प्रमाण वाढून ४७ टक्के झालं, आणि येल व प्रिन्स्टनमध्ये ते कमी झालं. यावरून तुमच्या मुलीबद्दल कसलंही भाकीत करणाऱ्याला फी देऊ नका.

अर्ज कधी करायचा, हा एकच निर्णय असा आहे ज्याने चान्स खरोखर हलतो आणि जो पूर्णपणे तुमच्या हातात आहे. ड्यूक आणि कॉर्नेलमध्ये अर्ली डिसिजन आहे, म्हणजे मिळालं तर जायचंच अशी बांधिलकी. ड्यूकने २०२४ मध्ये अर्लीतून सुमारे १३ टक्क्यांना घेतलं, नियमित फेरीत सुमारे ४. फरक तिपटीचा दिसतो. पण अर्लीच्या ढिगात खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं जास्त असतात, ती वगळली तर उरणारा फायदा बराच लहान आहे. तरी आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डच्या अर्लीत बांधिलकी नसते, पण त्यांच्याबरोबर दुसऱ्या खासगी विद्यापीठात अर्ली अर्ज करता येत नाही. तिथे अर्लीची गोळी वाया घालवायची का, हा तुमच्या घरातल्या वादाचा मुद्दा होणार, मी आत्ताच सांगते. माझं मत: तिला ड्यूक किंवा कॉर्नेल मनापासून आवडत असेल तर तिथे. फक्त त्याआधी त्या विद्यापीठाच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता तुमच्या घराला किती खर्च येईल त्याचा अंदाज देणारा फॉर्म, भरून बघा, २०११ पासून कायद्याने तो प्रत्येकाकडे असतोच. नोव्हेंबरमध्ये सही करायची आणि डिसेंबरमध्ये आकडा बघून हबकायचं, हे मी पाहिलं आहे, आणि त्या घरातली जेवणाच्या टेबलावरची शांतताही.

आता आकडे. हे माझे अंदाज आहेत, गणिती सूत्र नाही, आणि शाळेचा तक्ता बघितल्यावर वर-खाली होतील. एमआयटी, स्टॅनफर्ड, हार्वर्ड, प्रिन्स्टन: शंभरात दोन ते तीन. कार्नेगी मेलनचं कॉम्प्युटर सायन्स आणि बर्कलीचं: तीनच्या आसपास. ड्यूक आणि कॉर्नेल: पाच ते सात, यातल्या एका ठिकाणी अर्ली केलं तर तिथे थोडं जास्त. अर्बाना-शँपेन: आठ-नऊ. जॉर्जिया टेक: दहा-बारा. लायब्ररीची गोष्ट नीट मांडली गेली तर प्रत्येक ठिकाणी थोडं वर सरकेल. किती, ते मी तर सोडाच, त्या समितीतला माणूसही सांगू शकणार नाही.

इथे पालक बेरीज करतात. सगळं मिळून पन्नास झाले, म्हणजे एक तरी लागेलच! बेरीज करायची नसते, नकारांचा गुणाकार करायचा असतो. दहा ठिकाणी प्रत्येकी पाच टक्के धरले तर दहाही ठिकाणी नकार येण्याची शक्यता ०.९५ चा दहा वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ६० टक्के. एक तरी होकार: ४०. आणि तेही दहा निकाल एकमेकांपासून सुटे असतील तर. ते सुटे नसतात. निबंध तोच, शिक्षकांची पत्रं तीच, ट्रान्सक्रिप्ट तेच. हे दहा वेळा फासे टाकणं नव्हे, बऱ्याच अंशी एकदाच पडलेला फासा दहा जणांना दाखवणं आहे. फाइलमध्ये दुसरं वाक्य नसेल तर ते दहाही ठिकाणी नसेल. म्हणून यादी आहे तशी ठेवली तर शंभरातल्या साठ-सत्तर वेळा एप्रिलमध्ये हातात काहीच नसेल. तुम्ही दहा ठिकाणचे टक्के विचारलेत. मला काळजी या एका आकड्याची वाटते, आणि हा मुलीचा दोष नाही, यादीचा आहे.

यादी खालून बांधा. तळाशी अशी दोन नावं हवीत जिथे प्रवेश जवळपास नक्की, पैसे परवडणारे, आणि मुलगी खरंच आनंदाने जाईल. हा तिसरा निकष लोक गाळतात आणि मग "सेफ्टी" नावाला उरते. रटगर्स तुमच्या राज्याचं आहे, तिच्या गुणांना तिथे चांगली जागा आहे. न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं ऑनर्स कॉलेज बघा. मधल्या पायरीवर रेन्सेलर, रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, स्टीव्हन्स, पेन स्टेट, मॅसॅच्युसेट्स-अॅमहर्स्ट अशा नावांतून तीन-चार, पण प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटर सायन्सचा वेगळा दर काय ते विचारून. वरच्या दहांतून पाच ठेवा. कुठले पाच ते तिला ठरवू द्या, आणि प्रत्येकाबद्दल "इथेच का" याचं उत्तर तिला न अडखळता देता येतं का बघा. हार्वर्ड फक्त तुमच्यासाठी यादीत असेल तर ते पहिलं काढा.

एक काम मात्र या महिन्यातलं आहे. शिफारसपत्रासाठी अकरावीच्या दोन शिक्षकांना उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी विचारायला हवं. लोकप्रिय शिक्षकांचा कोटा जूनपर्यंत भरतो. एक गणिताचे किंवा विज्ञानाचे घ्या. दुसरे कोण हे जीपीएवरून ठरवू नका. ज्या वर्गात तिला बी-प्लस मिळाला आणि ती तासानंतर प्रश्न विचारायला थांबायची, त्या शिक्षकांकडे सांगण्यासारखं जास्त असतं. आणि लायब्ररीतल्या ज्या बाई तिला दर शनिवारी बघतात, त्यांना जादा पत्रासाठी विचारा. जिथे अर्जात बाहेरच्या माणसाचं पत्र जोडता येतं, तिथे ते जोडा.